झेंडे लावलेत, पण खोलीची किल्ली कुणाकडे आहे?

परवा एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, तो अजून विद्यापीठातच आहे. म्हणाला, अगं आमच्याकडे नवीन इंटरनॅशनल ऑफिस झालंय, सगळं काचेचं, आत सोफे, भिंतीवर ओळीने घड्याळं, प्रत्येक घड्याळात वेगळ्या देशाची वेळ. मी विचारलं, उघडं किती वाजेपर्यंत असतं? पाचपर्यंत, म्हणाला. आणि पोरांची विमानं कधी उतरतात? त्यावर नुसता हसला.

त्या हसण्यावरून हे लिहायला बसलेय.

मी नऊ वर्षं विद्यार्थी सेवा विभागात काढली, आधी होस्टेल अलॉटमेंटच्या खिडकीवर आणि नंतर परदेशी विद्यार्थ्यांच्या डेस्कवर. विद्यार्थी सेवा म्हणजे वर्गाबाहेरचं जे जे काही असतं ते सगळं धरा, होस्टेल, मेस, हेल्थ सेंटर, काउन्सेलर, आयकार्ड, फी, स्कॉलरशिप, क्लब, खेळ, करिअर सेल. पोरगं दिवसातले चार-पाच तास वर्गात असतं, उरलेले एकोणीस-वीस तास ते आमच्या ताब्यात असतं, पण 'कॅम्पसचं आंतरराष्ट्रीयीकरण', म्हणजे कॅम्पस जगाशी जोडणं, या विषयावरच्या मीटिंगला कोण असतं तर कुलगुरू, डीन, इंटरनॅशनल ऑफिसचे डायरेक्टर. होस्टेलचा वॉर्डन तिथं कधीच नसतो. मी एकदा गेले होते, चुकून बोलावलं होतं बहुतेक. दोन तास चर्चा चालली ती एमओयू, म्हणजे परदेशी विद्यापीठांशी करार, किती झाले आणि परदेशी विद्यार्थ्यांचा टक्का किती वाढला यावर. क्यूएस आणि टाइम्स हायर एज्युकेशन या जगभरच्या विद्यापीठांच्या दोन्ही रँकिंगमधे परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रमाणाला मार्क असतात, त्यामुळे टक्का सगळ्यांना पाठ असतो. आलेल्या पोरांशी नंतर कुणी बोललं का, याला मार्क नाहीत.

आणि पोरं येतायत, भरपूर येतायत. युनेस्कोच्या आकड्यांनुसार २००० साली जगभरात साधारण २० लाख विद्यार्थी परदेशात शिकत होते, २०२२ पर्यंत तो आकडा ६९ लाखांच्या आसपास गेला. म्हणजे दोन दशकांत तिपटीच्या वर. खिडक्या मात्र तेवढ्याच आहेत आणि खिडकीतली माणसंही बहुतेक तीच.

एक जुनी गोष्ट सांगते, मला फार आवडते. १९०९ सालची, न्यूयॉर्कमधली. हॅरी एडमंड्स नावाचा, वायएमसीए या ख्रिश्चन युवक संघटनेत काम करणारा एक तरुण कोलंबिया विद्यापीठाच्या लायब्ररीच्या पायऱ्यांवर होता, समोरून एक चिनी विद्यार्थी आला, याने जाता जाता सहज 'गुड मॉर्निंग' म्हटलं. तो मुलगा थांबला आणि म्हणाला की मला या शहरात येऊन तीन आठवडे झाले, माझ्याशी बोललेले तुम्ही पहिलेच. एडमंड्सने घरी जाऊन बायकोला हे सांगितलं, मग दोघांनी परदेशी विद्यार्थ्यांना घरी बोलवायला सुरुवात केली, आणि ते वाढत वाढत १९२४ मधे अमेरिकेतले धनाढ्य रॉकफेलर यांच्या पैशातून न्यूयॉर्कचं इंटरनॅशनल हाऊस, म्हणजे देशोदेशीच्या विद्यार्थ्यांचं एकत्र होस्टेल, उभं राहिलं, मग १९३० मधे कॅलिफोर्नियात बर्कलीचं, १९३२ मधे शिकागोचं. बर्कलीला तर वेगवेगळ्या वंशांची मुलंमुली एका छपराखाली राहणार म्हणून गावातल्या लोकांनी सभा घेऊन विरोध केला होता. एडमंड्सने जागा निवडली ती पण मुद्दाम पीडमाँट अॅव्हेन्यूवर, जिथं फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी म्हणजे मुलांच्या आणि मुलींच्या खासगी क्लबांची घरं होती आणि त्या घरांत परदेशी किंवा गोऱ्या नसलेल्या पोरांना प्रवेश नव्हता. कुठंतरी कोपऱ्यात स्वस्तात प्लॉट मिळाला असता की. पण त्याला कळलं होतं की होस्टेल कुठं बांधता यावरच पुढचं सगळं ठरतं.

शंभर वर्षांनी मी होस्टेलच्या खिडकीत बसले तेव्हा आमच्याकडे परदेशी पोरांचं होस्टेल कुठं होतं? मागच्या गेटला, मेन कॅम्पसपासून वीस मिनिटं चालत. कारण काय तर 'त्यांना शांतता मिळावी'.

आता माझ्या खिडकीवरची गोष्ट. दुसऱ्याच वर्षी एक मुलगा आला, पासपोर्टवर एकच नाव. इंडोनेशियात किंवा म्यानमारमधे अशी एका नावाची माणसं भरपूर असतात, त्यात नवल काहीच नाही. पण आमच्या सॉफ्टवेअरला आडनाव लागायचं, आडनाव टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकायचाच नाही. मी सगळ्यांना फोन केले, शेवटी आयटीवाल्याने सांगितलं मॅडम एक टिंब टाका आणि पुढे जा. टाकलं टिंब. मग आयकार्डवर नावापुढे टिंब आलं, लायब्ररीच्या सिस्टिमला टिंब चालेना म्हणून तिथं 'नॉट अप्लिकेबल' आलं, हेल्थ सेंटरने तेच नाव दोनदा लिहिलं. म्हणजे एका पोराची तीन माणसं झाली आणि प्रत्येक खिडकीवर ते पोरगं सांगत बसायचं की हा पण मीच आणि तो पण मीच. अमेरिकन व्हिसावर अशा वेळी ते एकुलतं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' छापतात, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही, आणि मग तिथल्या कॅम्पसवर अशा पोरांना ईमेल येतात 'डिअर एफएनयू'. हसू येतं ऐकताना, पण त्याच्या जागी बसून बघा. तुमच्या नव्या आयुष्यातला पहिला कागद तुम्हाला सांगतो की तुमचं नाव चुकलंय.

मला वाटतं आंतरराष्ट्रीयीकरण इथं होतं किंवा इथंच फसतं. नावाच्या रकान्यात, किल्लीत, फॉर्मात.

पहिल्या तीन दिवसांचं सांगते. पोरगं रात्री अडीचला उतरतं, ऑफिस नऊ-साडेनऊला उघडणार, आणि शनिवार असेल तर थेट सोमवारी. किल्ली वॉर्डनकडे, वॉर्डन घरी, आणि गेटवरच्या वॉचमनकडे यादी नाही, असली तर त्यात नाव टिंबासकट. मग बँक. खातं उघडायला पत्त्याचा पुरावा पाहिजे, पत्त्याच्या पुराव्याला भाडेकरार पाहिजे, भाडेकराराला डिपॉझिट पाहिजे, डिपॉझिट भरायला बँकेचं खातं पाहिजे. हा गोल जगात जवळजवळ सगळीकडे आहे, थोड्याफार फरकाने. आणि तो तोडायला काय लागतं माहितीये? विद्यार्थी विभागाचं एक पत्र, की हा आमचा विद्यार्थी आहे आणि या या पत्त्यावर राहतो. एक पान. आम्ही ते पत्र द्यायला आठ दिवस लावायचो कारण सही करणारे साहेब टूरवर असायचे. कुठं? परदेशात, एमओयू करायला. खरंच सांगतेय.

शेवटी आम्ही काय केलं तर सह्या-शिक्क्याची पत्रं पोरं यायच्या आधीच तयार करून खोलीच्या किल्लीसोबत पाकिटात ठेवायला लागलो आणि ती पाकिटं वॉचमनच्या केबिनमधे. खर्च शून्य. वॉचमनकाकांना इंग्रजी जेमतेम यायचं, पण त्यांनी स्वतःच फोटो असलेली यादी मागून घेतली, म्हणजे नाव वाचायची भानगडच नको, चेहरा बघायचा आणि पाकीट द्यायचं. आमच्या सगळ्या पॉलिसीपेक्षा हा माणूस हुशार निघाला.

मग येते सुट्टी. याच्यावर मी तासभर बोलू शकते. वर्षाच्या कॅलेंडरमधे सुट्टी म्हणजे सगळे घरी जाणार हे गृहीत धरलेलं असतं, मेस बंद, होस्टेलचे दोन-तीन ब्लॉक बंद, पाणी तापवायचं बंद, लायब्ररी अर्धा दिवस, काउन्सेलर रजेवर. परदेशी पोरगं जाणार कुठं? तिकीट परवडत नाही, किंवा परत येताना व्हिसाचं काही लफडं होईल म्हणून जायला भिती वाटते. आमच्याकडे तर सुट्टीत खोली रिकामी करून सामान एका गोडाऊनमधे ठेवायला सांगायचे, आणि 'सुट्टीतील निवासासाठी अर्ज' नावाचा फॉर्म होता त्यावर गाईडची सही लागायची, गाईड पण सुट्टीवर. एका मुलीने मला विचारलं, मॅडम तुमच्या वेबसाइटवर लिहिलंय हे माझं दुसरं घर आहे, तर मग घरातून वर्षात दोनदा बाहेर का काढता? मला काही उत्तर सुचलं नाही, मी तिला नुसता चहा पाजला. आणि गंमत म्हणजे ज्या दिवशी आम्ही भांडून एक ब्लॉक वर्षभर उघडा ठेवायचं मान्य करून घेतलं त्या दिवशी अर्जांचा ढीग आला त्यात अर्ध्याहून जास्त पोरं याच देशातली. ज्यांना घरी जायचं नव्हतं, ज्यांच्या घरी अभ्यासाला जागा नव्हती, ज्यांचं घर असं काही उरलंच नव्हतं. ती पोरं आधीपासून होतीच, आम्हाला दिसली नव्हती. परदेशी पोरांनी मागितलं म्हणून यांना मिळालं.

आता नियमांचं. यात चूक झाली तर पत्र उशिरा मिळण्यासारखी किरकोळ नसते, पोराचं करिअर जातं. उदाहरण अमेरिकेचं घेऊ. तिथं एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या पोराला फुल कोर्स लोड, म्हणजे ठरलेले पुरेसे विषय, ठेवावाच लागतो, पदवीला दर सेमिस्टरला साधारण १२ क्रेडिट, आणि त्याखाली यायचं असेल तर आधी विद्यापीठातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. आजारपणासाठी ती मिळते, डॉक्टरचं किंवा लायसन्स असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं, एका पातळीच्या शिक्षणात सगळे मिळून १२ महिन्यांपर्यंत. पण आधी. नंतर नाही. आता समजा पोरगं डिप्रेशनमधे आहे, त्याचा मेंटॉर किंवा सल्लागार प्रेमाने म्हणतो अरे एक विषय सोडून दे, थोडं हलकं वाटेल. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे, इथल्या पोराला. परदेशी पोराने तोच ऐकून विषय सोडला आणि इंटरनॅशनल ऑफिसला कळवलं नाही तर त्याचा स्टेटस, म्हणजे तिथं कायदेशीर राहायचा हक्क, गेला. म्हणजे एका खिडकीने औषध दिलं आणि दुसऱ्या खिडकीवर ते विष ठरलं, कारण दोन्ही खिडक्या एकमेकींशी बोलत नाहीत.

कामाच्या तासांचं तसंच. अमेरिकेत कॅम्पसवर आठवड्याला २० तास, तेही शिकवणी चालू असताना. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास. जर्मनीत युरोपीय संघाबाहेरच्या पोरांना मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस, आधी १२० होते. प्रत्येक देशाचं मोजायचं मापच वेगळं, कुठं आठवडा, कुठं पंधरवडा, कुठं वर्ष, आणि हे नियम बदलत राहतात. लायब्ररीत पार्टटाइम काम देणारा सुपरवायझर म्हणतो ये की रविवारी पण, जास्त तास टाकतो तुझे. त्याला माहीतच नसतं. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, कारण 'परदेशी विद्यार्थी' हे इंटरनॅशनल ऑफिसचं काम आहे असं सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलंय.

या सगळ्यात सगळ्यात अवघड खिडकी काउन्सेलरची. आमच्याकडे बोर्ड होता 'मानसिक आरोग्य केंद्र', भला मोठा, कॉरिडॉरच्या मधोमध, समोर कँटीनची रांग. तिथं कोण आत जाणार? इथली पोरं जात नव्हती, तर परदेशातून आलेली कुठून जाणार, त्यांना तर हे पण माहीत नसतं की इथं काय बोललं की कुणाला कळतं, डिपार्टमेंटला कळवतात का, व्हिसावाल्यांना कळवतात का. बरेच जण आधी हेल्थ सेंटरला जातात, डोकं दुखतंय, झोप येत नाही, पोटात जळजळतंय. डॉक्टर गोळ्या देतो. तीनदा गोळ्या नेल्यावर तरी कुणीतरी विचारायला पाहिजे ना की बाळा बाकी सगळं ठीक आहे का. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने 'लेट्स टॉक' म्हणून एक प्रकार सुरू केला, पुढे बऱ्याच विद्यापीठांनी उचलला. काउन्सेलरने आपली केबिन सोडायची आणि आठवड्यातले काही तास कॅम्पसवर दुसरीकडे कुठंतरी जाऊन बसायचं, अपॉइंटमेंट नाही, फॉर्म नाही, ये आणि बोल. आम्ही त्याची गरीब नक्कल केली. आमच्या काउन्सेलर मॅडम बुधवारी दुपारी परदेशी डेस्कच्या बाजूच्या खुर्चीत बसायला लागल्या. बोर्ड लावला नाही. पोरं व्हिसाच्या कागदासाठी रांगेत उभी असायची आणि बाजूला एक बाई निवांत बसलेली असायची, हळूहळू कळलं त्यांना.

ओरिएंटेशन, म्हणजे नव्या पोरांना माहिती द्यायचा पहिला कार्यक्रम, याबद्दल माझा राग आहे तो पण काढून टाकते. कल्चर शॉकचा तो फेमस यू आकाराचा आलेख असतो ना, सुरुवातीला मजा मजा, मग खाली, मग परत वर, तो नॉर्वेच्या लिसगार्ड यांच्या १९५५ सालच्या अभ्यासातून आलाय, अमेरिकेत जाऊन आलेल्या नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांवरचा. तेव्हापासून प्रत्येक ओरिएंटेशनमधे तो दाखवतात. नंतर कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मधे न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांवर हेच तपासलं तर सुरुवातीचा हनिमून-बिनिमून काही सापडला नाही, पोचल्या पोचल्याच त्रास सगळ्यात जास्त होता. मला खिडकीतून जे दिसलं तेही असंच. पहिल्या आठवड्यात पोरगं हसत असतं ते थकव्याने आणि भितीने, आणि आपण नेमकं त्याच आठवड्यात त्याला साठ पानांची पुस्तिका, सात भाषणं, अग्निशमन, रॅगिंग, प्लॅजरिझम म्हणजे दुसऱ्याचं लिखाण चोरणं, लायब्ररी, इन्शुरन्स असं सगळं एका दिवसात पाजतो आणि सही घेतो की मला सगळं समजलं. इन्शुरन्स कसा वापरायचा हे ताप आल्यावर समजून घ्यायचं असतं. प्लॅजरिझम म्हणजे काय हे पहिली असाइनमेंट लिहायच्या आठवड्यात. 'ऑफिस अवर्स' म्हणजे सरांना जाऊन शंका विचारायची वेळ, हे पण सांगावं लागतं, एका मुलाला वर्षभर वाटत होतं की ही सरांची कामाची वेळ आहे, त्या वेळेत त्यांना अजिबात डिस्टर्ब करायचं नाही. वर्षभर! आणि सर म्हणायचे हा मुलगा कधी काही विचारतच नाही. मी भांडून ओरिएंटेशनचे पाच तुकडे केले, पूर्ण सेमिस्टरभर पसरले. उपस्थिती कमी झाली, हे पण कबूल करते, कारण पहिल्या दिवशी सगळे येतात आणि सातव्या आठवड्यात जेवण ठेवलं तरच येतात. मग जेवण ठेवलं.

आता माझा मुख्य मुद्दा, जो मीटिंगमधे मांडला तर लोक चहा प्यायला उठतात. हे काम परदेशी पोरांपुरतं नाहीचे. जेन नाईट या कॅनडाच्या अभ्यासक, त्यांची २००३ ची व्याख्या सगळीकडे वापरतात, त्यात त्या म्हणतात की उच्च शिक्षणाचा उद्देश, त्याची कामं आणि ते पोचवायची पद्धत या सगळ्यात आंतरराष्ट्रीय आणि आंतर-सांस्कृतिक अंग मिसळण्याची ही प्रक्रिया आहे. त्यात विमानाचा उल्लेख नाही. आणि त्याच्याही आधी, १९९९ च्या सुमाराला, स्वीडनमधे माल्मो विद्यापीठात बेंग्ट निल्सन यांनी 'घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण' ही कल्पना मांडली. माल्मो विद्यापीठ नुकतंच १९९८ मधे सुरू झालेलं, जगभर जुने करार असलेलं ते काही नव्हतं, पण शहर मात्र वेगवेगळ्या देशांतून आलेल्या लोकांनी भरलेलं. आणि हिशोब सरळ होता, कितीही एक्स्चेंज केले, इरास्मस ही युरोपची विद्यार्थी देवाणघेवाण योजना आणली, तरी बहुतेक पोरं कधीच परदेशात जाणार नाहीत. इरास्मस तरी कुठून सुरू झालं, १९८७ मधे ११ देश आणि ३२४४ विद्यार्थी. मग न जाणाऱ्या बाकीच्यांचं काय? त्यांना जग इथंच भेटवायला पाहिजे. आणि ते भेटवणार कोण, तर रूममेट, मेसचं टेबल, फुटबॉलची टीम. म्हणजे परत आमचाच विभाग.

इथं येते कल्चरल नाइट. सगळ्यांचे झेंडे, सगळ्यांचे कपडे, प्रत्येक देशाला सात मिनिटं, कुलगुरूंसोबत फोटो, आणि तोच फोटो पुढच्या वर्षीच्या ब्रोशरवर. वाईट नाहीये, पोरांना मजा येते, मी पण नाचलेय एका वर्षी. पण तिथं होतं काय तर एक पोरगं स्टेजवर आपला देश होऊन उभं राहतं आणि बाकीचे खाली प्रेक्षक असतात. प्रेक्षकाशी मैत्री होत नसते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ऑलपोर्ट यांनी १९५४ मधेच लिहून ठेवलंय की वेगवेगळ्या गटातली माणसं नुसती एकत्र आली म्हणून पूर्वग्रह जात नाहीत, दोघं बरोबरीच्या नात्याने भेटावी लागतात, दोघांचं काहीतरी एकच ध्येय लागतं, ते मिळवायला एकमेकांची गरज लागते, आणि वरच्या लोकांचा याला पाठिंबा दिसावा लागतो. हे चार मुद्दे घ्या आणि कल्चरल नाइटला लावून बघा. आता नाटकाच्या बॅकस्टेजला लावा, नाहीतर होस्टेलच्या तुंबलेल्या बेसिनविरुद्ध सगळ्यांनी मिळून दिलेल्या तक्रार अर्जाला. ते बेसिन मी प्रत्यक्ष बघितलंय, त्या एका बेसिनमुळे तिसऱ्या मजल्यावर जेवढी मैत्री झाली तेवढी आमच्या पाच वर्षांच्या बजेटने झाली नसेल.

अजून एक, 'ही पोरं आपापल्यातच राहतात' ही तक्रार. दर वर्षी कुणीतरी प्राध्यापक करतातच, आणि जे करतात ते स्वतः स्टाफरूममधे रोज त्याच चार जणांबरोबर डबा खातात. बॉक्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मधे परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीवर काम केलं त्यात तीन वर्तुळं दाखवलीत. एक आपल्या देशाच्या पोरांचं, तिथं आपल्या भाषेत रडता-हसता येतं. दुसरं इथल्या लोकांचं, ते बहुतेक कामापुरतं, अभ्यास, भाषा, कागदपत्रं. तिसरं इतर देशांच्या पोरांचं, मजेसाठी. तिन्हीचं काम वेगळं, एक तोडून दुसरं वाढत नाही. म्हणून रूम अलॉटमेंट करताना मी एक साधा नियम ठेवला होता, कुठं लिहिलेला नव्हता, माझ्या डायरीत होता. रूममेट शक्यतो वेगळ्या देशाचा, पण त्याच मजल्यावर आपली भाषा बोलणारं निदान एक माणूस. आणि प्रत्येक मजल्यावर एक अशी जागा जिथं दार बंद करता येत नाही. जुन्या ब्लॉकमधे कपडे धुवायच्या जागेचंच दार काढून टाकलं, दोन बाकं टाकली. झालं कॉमन रूम.

बडी सिस्टिम, म्हणजे नव्या पोराला एक जुना सोबती जोडून देणं, त्याबद्दल थोडक्यात, कारण सगळेच लिहितात. युरोपात इरास्मस स्टुडंट नेटवर्क १९८९ पासून हे करतंय, एक्स्चेंजवरून परत आलेल्या पोरांनीच सुरू केलेलं, म्हणून टिकलं असं मला वाटतं. आपण सर्टिफिकेटच्या आमिषाने बडी नेमतो, सर्टिफिकेट मिळालं की बडी गायब. ज्याला स्वतः कधीतरी परक्या जागी हरवल्यासारखं वाटलंय तो बडी करा. लहान गावातून मोठ्या कॅम्पसवर आलेलं, घरातलं पहिलंच शिकणारं पोरगं यात एक नंबर असतं, इंग्रजी कमी असलं तरी. त्याला माहीत असतं कोणत्या खिडकीवर कोण ओरडतं.

२०२० आठवतं? कॅम्पस बंद, होस्टेल चार दिवसांत रिकामं करा. इथली पोरं गेली, परदेशी पोरं जाणार कुठं, विमानंच बंद. त्यात त्या जुलैच्या ६ तारखेला अमेरिकेच्या सरकारने जाहीर केलं की ज्यांचं सगळं शिक्षण ऑनलाइन आहे त्या परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा, मग हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेल्या आणि १४ जुलैला तो निर्णय मागे घेतला. आठ दिवस. त्या आठ दिवसांत हजारो पोरांनी ज्यांना ईमेल केले असतील ना, ती माझ्यासारखी खिडकीतली माणसं होती, ज्यांना स्वतःलाही काही माहीत नव्हतं. मी त्या वर्षी एवढंच शिकले की उत्तर नसलं तरी ईमेलला त्याच दिवशी उत्तर द्यायचं, 'अजून कळलं नाही, उद्या चारला परत कळवते' एवढं जरी. आणि उद्या चारला कळवायचं, अजून कळलं नसलं तरी.

पैसा कुठं जातो ते बघा म्हणजे कळेल कुणाला काय महत्त्वाचं वाटतं. शैक्षणिक मेळावे, ब्रोशर, एजंटचं कमिशन, काचेचं ऑफिस, घड्याळं. आणि क्लार्कच्या ट्रेनिंगला? मेसच्या सुपरवायझरला, वॉचमनला, हेल्थ सेंटरच्या नर्सला? आमच्या नर्स ताईंना नऊ वर्षांत एक दिवसाचं पण ट्रेनिंग मिळालं नाही आणि त्या बिचाऱ्या मोबाइलवर भाषांतर करून पोरांना विचारायच्या कुठं दुखतंय. इरास्मसमधे प्राध्यापक सोडून बाकीच्या कर्मचाऱ्यांना पण दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात ट्रेनिंगला जायची सोय आहे, हे मी एकदा आमच्या साहेबांना सांगितलं, की होस्टेलच्या क्लार्कला पण पाठवतात तिकडे. ते म्हणाले, क्लार्क तिकडे जाऊन करणार काय? म्हटलं सर, रांगेत उभी राहील. परक्या देशात, भाषा येत नसताना, हातात चुकीचा फॉर्म घेऊन. बाकी काही नको.

पाठवलं नाही अर्थातच.

त्या टिंबवाल्या मुलाचं राहिलंच. त्याने एम.एस्सी. पूर्ण केली, आणि मग डिग्रीवर काय छापायचं हा प्रश्न आला कारण सिस्टिममधे नाव टिंबासकट आणि पासपोर्टवर टिंब नाही, तशी डिग्री घेऊन गेला असता तर त्याच्या देशात कुणी मानली नसती. सहा अर्ज, एक अॅफिडेव्हिट, परीक्षा विभागाच्या चार चकरा, त्यातल्या दोन मी त्याच्यासोबत मारल्या. शेवटी टिंब निघालं. जायच्या आदल्या दिवशी डिग्री दाखवायला खिडकीवर आला, नावावर बोट ठेवून म्हणाला, मॅडम, बघा, एकटाच आहे. मी पुढच्या आठवड्यात सॉफ्टवेअरवाल्यांना परत मेल टाकला की आडनावाचा रकाना ऑप्शनल करा. मी नोकरी सोडली तोपर्यंत झाला नव्हता. परवाच्या फोनवर सहकाऱ्याला विचारलं तर म्हणाला झाला की, गेल्या वर्षी झाला, फक्त आता सिस्टिम त्या पोरांना ईमेल पाठवते त्यात 'डिअर' च्या पुढे काहीच नसतं, नुसता स्वल्पविराम.